दुचाकी शिकवता का कुणी?

मंडळी, आज जरा रागाने लिहिते आहे. राग कुणा एका माणसावर नाही, आपल्या सगळ्यांच्या एका जुन्या समजुतीवर आहे. समजूत अशी, की दुचाकी ही शिकायची गोष्टच नव्हे. सायकल आली की स्कूटर येते आणि स्कूटर आली की मोटरसायकल येते. "त्यात काय शिकायचंय? बसलं की येतं!" हे वाक्य गेल्या दोन-तीन महिन्यांत मी डझनभर लोकांच्या तोंडून तरी ऐकलं असेल. त्यात डॉक्टर होते, इंजिनिअर होते आणि आमच्या घरातलेही बरेच होते. (तुम्ही हे वाचताय ते मला ठाऊक आहे. वाचाच.)

निमित्त असं झालं, की माझ्या पुतण्याच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॉलेज साताऱ्याच्या बाहेर, घरापासून १४ किलोमीटर, आणि वाटेत पुणे-बंगळुरू महामार्ग ओलांडायचा. एसटीच्या वेळा जमत नाहीत. मुलाला अठरा पूर्ण झाली आहेत. तेव्हा येत्या दसऱ्याला त्याला मोटरसायकल घ्यायची असं घरात ठरलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. गरज आहे, ऐपत आहे, घ्यावी. मी एवढंच म्हटलं, की आधी त्याला कुणाकडून तरी रीतसर शिकू दे, मग गाडी आणा. सगळे हो म्हणाले. घरात माझ्या शब्दाला अजून तेवढा मान आहे! पण रीतसर शिकायचं म्हणजे कुठे, हा प्रश्न आला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

आता गाडी मिळायला किती वेळ लागतो पाहा. शोरूममध्ये फोन केला तर पलीकडची मुलगी इतकी गोड बोलली की विचारू नका. रंग कोणता, हप्ते किती, विमा कसा, नंबर कधी पडेल, सगळं पाच मिनिटांत सांगून मोकळी झाली. दुपारी फोन केला आणि संध्याकाळी कर्जाचे कागद घेऊन माणूस दारात! आमच्या तरुणपणी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नंबर लागला की पेढे वाटायचे लोक. आज गाडीसाठी कुणी थांबत नाही, हे चांगलंच झालं.

मग मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलना फोन करायला बसले. एकूण पाच ठिकाणी केले. पहिल्याने विचारलं, "कुठली कार?" मोटरसायकल म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "आजी, टू-व्हीलर आम्ही शिकवत नाही. लायसन्स काढून देऊ." दुसऱ्याचं उत्तर तेच, फक्त रक्कमही सांगितली. तिसरा म्हणाला, "मुलगा आहे ना? मग क्लास कशाला? मित्राची गाडी घेईल आणि शिकेल." चौथ्याने फोन उचलला नाही. पाचवी एक बाई होती. ती म्हणाली, "मी शिकवते, पण फक्त लेडीजना. आणि गिअरची गाडी नाही, स्कूटर." या बाईंकडे मी पुन्हा येणार आहे, कारण या सगळ्या शोधात शिकवण्याची भाषा बोलणारं एवढं एकच माणूस भेटलं.

जरा आकडे सांगते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर. आपल्या देशातल्या नोंदलेल्या वाहनांपैकी साधारण तीन चतुर्थांश दुचाकीच आहेत. एकट्या २०२३-२४ या वर्षात सुमारे १ कोटी ८० लाख नव्या दुचाकी देशात विकल्या गेल्या. त्यातल्या किती जणांना ती चालवायला कुणी शिकवलं असेल? चार चाकी घेणारा माणूस निदान पंधरा दिवस शिकायला जातो. भोवती पत्रा, समोर काच, कमरेला पट्टा असलेली गाडी आपण शिकून चालवतो. आणि जिथे अंगावर शर्टाशिवाय काही नाही, ती न शिकता चालवतो. कमाल आहे की नाही?

कायद्याला दुचाकी शिकवणं मंजूर नाही असं समजू नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना दुहेरी क्लच-ब्रेक असले पाहिजेत असं म्हटलंय, आणि लगेच पुढे त्यातून मोटरसायकल वगळली आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होतं, की स्कूलमध्ये मोटरसायकलही शिकवली जाईल. पण या वगळण्यातच खरी अडचण दिसते. कारमध्ये गुरुजी शेजारी बसतात. शिष्य गडबडला की त्यांचा पाय ब्रेकवर असतो. दुचाकीवर गुरुजींनी बसायचं कुठे? मागे बसले तर ब्रेकपर्यंत हातपाय पोचत नाहीत, उलट पडले तर दोघेही पडतील. म्हणून दुचाकी शिकवायला मोकळं मैदान लागतं, दोन-तीन गाड्या लागतात आणि बाजूला उभं राहून बघणारा, ओरडणारा माणूस लागतो. कार शिकवायला एक कार आणि गावातला रस्ता पुरतो. स्कूलवाल्यांचा हिशोब सरळ आहे. शिकायला कुणी येत नाही म्हणून ते शिकवत नाहीत, आणि कुणी शिकवत नाही म्हणून शिकायचं असतं हेच लोकांना कळत नाही.

परीक्षेनेही या समजुतीला हातभार लावलाय. शिकाऊ लायसन्ससाठी खुणा आणि नियमांचे प्रश्न असतात, ६० टक्के बरोबर आले की झालं. त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. या ३० दिवसांत पोराने कुणाकडून काय शिकावं, याबद्दल कुणी काही विचारत नाही. परीक्षेत सहसा मैदानात आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही, वळताना हात दाखवायचा. आठचा आकडा काढता येणं चांगलंच. पण सगळा जन्म मी प्रश्नपत्रिका काढण्यात घालवलाय, त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगते. जे परीक्षेत येत नाही ते पोरं शिकत नाहीत. जोरात असलेली गाडी अचानक थांबवता येते का, हे त्या परीक्षेत कुणी बघत नाही. आणि जीव जायची वेळ येते ती नेमकी तेव्हा.

शिकायचं म्हणजे काय असतं, हे मलाही या निमित्ताने नीट समजून घ्यावं लागलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त फौजी राहतात. (आमचा जिल्हाच फौजींचा!) लष्करात ते मोटरसायकलवरून टपाल पोचवणारे, डिस्पॅच रायडर होते. त्यांना मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला कुणी शिकवलं होतं का हो?" ते हसले. म्हणाले, "बाई, शिकवल्याशिवाय फौजेत बुटाची नाडीसुद्धा बांधू देत नाहीत."

त्यांनी सांगितलेल्या पहिल्याच गोष्टीने मला चकित केलं. आपल्याकडे पोराला गाडी हातात देताना बाप काय सांगतो? "पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील!" आणि खरी गोष्ट अशी, की गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. ब्रेक लागला की गाडीचा आणि माणसाचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला कितीही दाबलं तरी ते घसरणारच. मग पुढच्या ब्रेकने माणसं पडतात ती का? तर हँडल वळलेलं असताना, किंवा वाळूवर, बारीक खडीवर एकदम आवळल्यामुळे. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत दाबायचा. हे वाचून येत नाही. मैदानात पन्नास वेळा करून हाताला सवय व्हावी लागते. कारण संकट आलं की डोकं काम करत नाही, सवय काम करते. बापाने शिकवलेली सवय म्हणजे नुसता मागचा ब्रेक. मग गाडी घसरत घसरत जाऊन समोरच्यावर आपटते आणि आपण म्हणतो, ब्रेक लागला नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. डोळ्यांनी कुत्रं पाहिलं आणि हाताने ब्रेक दाबला, एवढ्यात एक-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे गेलेली असते. शाळेतलं खो-खोचं मैदान आठवा. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचं जवळजवळ सगळं अंतर नुसतं "अरे!" म्हणण्यात संपतं. थांबायचं अंतर त्याच्या पुढे सुरू होतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकने थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. गणित हा माझा विषय नव्हता, पण हे गणित मी त्या मुलाकडून वहीत तीन वेळा करून घेतलं.

तिसरी गोष्ट नजरेची. खड्डा दिसला की आपण खड्ड्याकडेच बघत राहतो आणि बरोबर त्यातच जातो. गाडी नजरेच्या मागे जाते. जिथून जायचं तिकडे बघायचं, जे टाळायचं तिकडे नाही. ही गोष्ट मला त्या पाचव्या फोनवाल्या बाईंनी सांगितली. आता त्यांच्याकडे येते.

सकाळी साडेसहाला त्या बाई एका मैदानावर पाच-सहा जणींना स्कूटर शिकवतात. तिथे येणाऱ्या बायका तीस ते पन्नास वयाच्या. कुणी बँकेत आहे, कुणाचा डबे द्यायचा धंदा आहे, कुणाला मुलांना क्लासला सोडायचं असतं. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करायची नाही. नुसती ढकलत मैदानाला फेरी मारायची, म्हणजे वजन कळतं. मग स्टँडवर लावायची, काढायची. दुसऱ्या दिवशी बसून पायांनी चालवायची. ब्रेक कळल्याशिवाय रेसला हात लावू देत नाहीत. "थांबता येत नाही त्याने निघूच नये," हे त्यांचं वाक्य. रस्त्यावर जायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेव्हाही त्या स्वतः मागून दुसऱ्या गाडीवर येतात. मी दोन दिवस कट्ट्यावर बसून पाहिलं. अध्यापनाचे जे पाठ आम्ही ट्रेनिंग कॉलेजात गिरवले, सोप्याकडून अवघडाकडे वगैरे, ते ही बाई कुठलंही पुस्तक न वाचता रोज सकाळी घेते.

आता गंमत बघा. स्कूटरवरच्या बाईला आपण किती हसतो! ती दोन्ही पाय खाली सोडून चालवते, ती इंडिकेटर एकीकडे देते आणि वळते दुसरीकडे, असे विनोद रोज मोबाईलवर येतात आणि आपण ते पुढे पाठवतो. पण या मैदानावरच्या बायका म्हणजे गावातले दुचाकी रीतसर शिकलेले बहुधा एवढेच लोक. त्यांना शिकायची लाज वाटली नाही, फी भरली, पहाटे उठल्या. पुरुषाला शिकायची लाज वाटते. आमच्या चिरंजीवांना म्हटलं, त्या बाई तुला घ्यायला तयार आहेत, तर तोंड एवढंसं झालं. "बायकांच्या क्लासला मी?" मी म्हटलं, "शाळेत बाईच शिकवत होत्या ना तुला? मग आता काय झालं?" गेला मुकाट्याने. दहा दिवसांत स्कूटर शिकला, मग फौजी भाऊंनी तीन रविवार त्याला गिअरच्या गाडीवर घेतलं. पहिला रविवार नुसता क्लच आणि ब्रेक!

बाहेरच्या देशांत काय चालतं? माझी एक भाची अमेरिकेत असते. तिने सांगितलं, की तिकडे नवशिक्यांचा मोटरसायकलचा कोर्स असतो, आणि उन्हाळा जवळ आला की त्यात जागा मिळवायला धावपळ करावी लागते. तिचं नाव आठवडेच्या आठवडे प्रतीक्षा यादीत होतं. शेवटी कुणीतरी गैरहजर राहील या आशेने ती सकाळी जाऊन उभी राहिली तेव्हा जागा मिळाली. अमेरिकेत १९७३ साली यासाठी मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन नावाची संस्था निघाली, आणि तिचा कोर्स पास झालं तर बऱ्याच राज्यांत गाडी चालवण्याची सरकारी परीक्षा माफ होते. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवशिक्याला मूळ प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यात रस्त्यावर किमान दोन तास चालवून घेतात, आणि तेव्हा एका शिक्षकामागे दोनपेक्षा जास्त शिष्य चालत नाहीत. एका वर्गात साठ-सत्तर मुलं सांभाळलेल्या माझ्यासारखीला हे वाचून हेवा वाटला!

जपानचं तर मला फारच आवडलं. तिथल्या परीक्षेत १५ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशा फळीवजा पट्टीवरून गाडी न्यायची असते, तीही हळू. ४०० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला किमान ७ सेकंद लागलेच पाहिजेत. त्याआधी पार गेलात तर गुण कापतात. हे वाचल्यावर मला आपल्या स्नेहसंमेलनातली हळू सायकल चालवण्याची शर्यत आठवली. जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला! तोल सांभाळण्याचं खरं कौशल्य हळू चालवण्यात असतं, हे आपल्या पी.टी.च्या मास्तरांना केव्हाच माहीत होतं. आपण त्याला खेळ म्हणून बाजूला ठेवलं, जपान्यांनी परीक्षेत घातलं.

यावर लोक तीन गोष्टी म्हणतात. पहिली अशी, की रस्तेच वाईट, खड्डे, उलट्या बाजूने येणारे, मोकाट जनावरं, दारू प्यायलेले. तिथे शिकून काय उपयोग? रस्ते वाईट आहेत हे खरंच आहे, आणि त्याबद्दल भांडलंच पाहिजे. पण नदीला पूर येतो म्हणून पोहायला शिकू नये असं कुणी म्हणत नाही. आणि खेड्यात पोहायला शिकवताना पोराला विहिरीत ढकलतात हे खरं असलं, तरी पाठीला डबा किंवा भोपळा बांधलेला असतो आणि बाप काठावर दोर धरून उभा असतो. रस्त्यावर कुणाचा दोर आहे?

दुसरी गोष्ट अभ्यासू लोक म्हणतात, की प्रशिक्षणाने अपघात कमी होतात हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. हे म्हणणं खोटं नाही. १९८१ साली लॉस एंजेलिसकडच्या ९०० मोटरसायकल अपघातांची तपासणी करून एक मोठा अहवाल निघाला. त्यात अपघातातले ९२ टक्के चालक शिक्षण न घेतलेले, स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. पण नुसत्या या आकड्यावरून शिकलेले वाचतातच असं म्हणता येत नाही. दोन दिवस शिकून आपल्याला सगळं आलं असं वाटणारे जास्त बेफाम होतात, असंही काही जणांना आढळलंय. मला यात आश्चर्य वाटत नाही. वाईट शिकवणी असते, अर्धवट शिकवणी असते. शाळेतही असते. त्यावर उपाय शाळा बंद करणं हा नसतो. शिकवणं चांगलं व्हावं, पुरेसं व्हावं आणि "तुला अजून येत नाही" हे पोराला तोंडावर सांगणारं कुणीतरी असावं. मित्र ते सांगत नाही. मित्र म्हणतो, "अरे मस्त चालवतोस, जरा पळव!"

तिसरी गोष्ट पैशांची. ही मात्र खरी. दूध घालणारा, घरोघरी पार्सल पोचवणारा, गवंडीकाम करणारा, यांची दुचाकी म्हणजे त्यांचं पोट. त्यांनी फी कुठून भरायची, दहा दिवस कामावर खाडा कसा करायचा? म्हणून ही फी गाडीच्या किमतीतच असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी विकताना विमा घ्यावाच लागतो. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी लावावी असा नियम आहे. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा चाक न अडकू देणारं एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून, अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद केली. म्हणजे साडीचा विचार झाला, ब्रेकचा झाला, शिक्षेचा झाला. ब्रेक दाबणाऱ्या हाताचा तेवढा राहिला! लाखभर रुपयांच्या गाडीबरोबर दहा दिवसांच्या शिकवणीचं कुपन मिळालं तर कुणाला जड होणार आहे?

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. एक एकर जागा, चालवण्याचा वेगळा मार्ग वगैरे असलेल्या अशा केंद्रातून शिकलं की पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. कल्पना चांगली आहे. पण तालुक्याच्या गावी एक एकर जागा घेऊन दुचाकी शिकवायला कोण बसणार? माझं म्हणणं असं, की जागा आहेत. प्रत्येक गावात शाळेचं मैदान आहे, आणि ते रविवारी सकाळी रिकामं असतं. आयटीआयला आवारं आहेत. शाळांमधून आर.एस.पी.ची पोरं आपण वर्षानुवर्षं शिट्टी वाजवायला आणि हात दाखवायला शिकवली. तीच पोरं दोन-तीन वर्षांनी स्वतः गाडीवर बसणार आहेत, तेव्हा अकरावी-बारावीत त्यांना अंतराचं गणित, नजरेची गोष्ट आणि ब्रेकची गोष्ट सांगायला काय हरकत आहे? त्याला गाडीसुद्धा लागत नाही. फळा पुरतो.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने का लिहिते, ते सांगून थांबते. चौतीस वर्षं शिकवलं. शाळेत शोकसभा व्हायच्या. आजाराने, म्हातारपणाने गेलेल्यांच्या व्हायच्या, तशा कधी कधी नुकत्याच शाळा सोडून गेलेल्या पोरांच्याही व्हायच्या. एकोणीस वर्षांचा, बावीस वर्षांचा. कारण बहुतेक वेळा एकच. मी त्यांच्या घरी जायचे. आई काय सांगायची माहितीये? "बाई, गाडी फार चांगली चालवायचा हो." प्रत्येक घरात हेच वाक्य. त्या माउलीचं खोटं नसायचं. गाडी सरळ रस्त्यावर, रोजच्या वाटेवर, काही आडवं आलं नाही तोवर कुणालाही चांगलीच येते. आडवं आलं म्हणजे काय करायचं, हे त्या पोरांना कुणी दाखवलेलंच नव्हतं. कवितेचा अर्थ चुकला तर आम्ही वहीवर लाल शेरा मारून परत लिहून घेत होतो. इथे परत लिहायला मिळत नाही.

असो. आमच्या चिरंजीवांची पक्क्या लायसन्सची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. गाडी दसऱ्याला येईल, हार घालू, पेढेही वाटू. पण एका पोराची सोय लागली म्हणून काम संपलं असं मला वाटत नाही. माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटले. रविवारी सकाळी सात ते नऊ मैदान द्यायला ते तयार आहेत. फौजी भाऊ शिकवायला तयार आहेत, पैसे घेणार नाहीत म्हणतात. स्कूटरवाल्या बाई पहिले चार दिवस करून घेणार आहेत. दोन जुन्या गाड्यांचीही सोय होतेय. शिकाऊ लायसन्स आणि हेल्मेट ज्याचं त्याने आणायचं, वय अठरा पूर्ण हवं, आणि वडिलांनी मैदानाबाहेर थांबायचं!

साताऱ्यात कुणाच्या घरी दसऱ्याला नवी गाडी येणार असेल, तर आधी पोराला इकडे पाठवा. एका वेळी सहाच जणांना घेणार आहोत. आत्तापर्यंत चार नावं आली आहेत.